साताऱ्याला निघालेली पेटी

सांगलीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी आमचं कविमंडळ जमतं. पंधरा-वीस माणसं असतात. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी बेदाण्याचे व्यापारी, एक दवाखान्यातली नर्स. मी कुपवाडहून जाते. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आमचं लेथचं वर्कशॉप आहे. नवरा मशीन बघतो. मी बिलं, गिऱ्हाइकं आणि कामगारांची भांडणं बघते. उरलेल्या वेळात कविता.

या मंडळात इतकी वर्षं बसून माझं एक मत झालंय. निम्म्याहून जास्त कविता राहून गेलेल्या गोष्टींवर असतात. बँकवाल्यांना चित्रकार व्हायचं होतं. बेदाणेवाल्यांची कॉलेजातल्या एका मुलीला विचारायची हिंमत झाली नाही, ती लग्न होऊन बेळगावला गेली आणि तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक कवितेत कृष्णेला पूर येतो. जे झालं त्यावर कुणी लिहीत नाही. मिळालेल्या बायकोवर कविता केलेला कवी मला अजून भेटायचाय. ज्या वाटेनं आपण गेलोच नाही तिच्यावर आपली गाडी कधी पंक्चर होत नाही, म्हणून ती वाट सगळ्यांना गोड लागते. हे मी हसत सांगतेय खरं, पण मंडळातली अशा जातीची सगळ्यात गाजलेली कविता माझीच होती.

साताऱ्याला निघालेली पेटी
कुपवाडला उतरली.
मध्ये एक पाकळी पडली, एवढंच.
देवाला विचारलं, बापाला विचारलं,
पेटीला कुणी विचारलं नाही.

शेवटच्या ओळीला टाळी ठरलेली असायची. नर्सबाई तर डोळे पुसायच्या. नवरा मला सोडायला यायचा तो मागच्या रांगेत बसून राहायचा, आणि टाळी तोही वाजवायचा. (बोलताना मी त्याला अहो-जाहोच करते, लिहिताना एकेरी बरं वाटतं.) पंचवीस-एक वर्षांच्या संसारात त्यानं ही कविता किती वेळा ऐकली असेल कोण जाणे. आपल्या घरात ही बाई आली ती एका पाकळीमुळं, तिच्या मनानं नव्हे, हे त्यानं चारचौघांत बसून ऐकलं आणि परत येताना मला विचारलं, "भूक लागली आसंल, भेळ खायाची का?"

ती कविता मी आता वाचत नाही. का, ते सांगायचंय.

माझं माहेर वडूजच्या पुढचं, माळरानाचं. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आजोबांची सगळी हयात मेंढरांमागं गेली, वडिलांची निम्मी मेंढरांमागं आणि निम्मी ज्वारीच्या रानात. मी बारावीला चांगले मार्क मिळवले तेव्हा आमच्या भावकीत तेवढं शिकलेली मुलगीच नव्हती. गुरुजींच्या सांगण्यावरून डी.एड.चा अर्ज केला आणि साताऱ्याला नंबर लागला. आताच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण तेव्हा डी.एड. झालं की झेडपीच्या शाळेत नोकरी ठरलेलीच. वडील वडूजच्या बाजारातून पत्र्याची पेटी घेऊन आले. झाकणावर पेंटरकडून माझं नाव घातलं आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘सातारा’. हॉस्टेलमध्ये पेट्या बदलतात म्हणून.

त्याच पंधरवड्यात कुपवाडचं स्थळ आलं. मुलगा आमच्यातलाच, आयटीआय केलेला, वसाहतीत भाड्याच्या शेडमध्ये स्वतःची लेथ टाकलेला. बघायला आले तेव्हा पोहे पुढं ठेवले गेले आणि बाहेर कुणीतरी हापसा मारायला लागलं. आमच्या दारातला हापसा इतका किरकिरायचा की वस्तीला सवय झाली होती. मुलगा पोह्याची ताटली हातात घेऊन तसाच बसला, मान वाकडी करून ऐकत. मग माझ्या आईला म्हणाला, "मामी, थोडं गोडं तेल मिळंल का?" आणि ताटली खाली ठेवून बाहेर गेला. साखळीला तेल सोडून, दांडा चार वेळा वरखाली करून आला. किरकिर थांबली. माझी चुलती दाराआड पुटपुटली, "पोरगी बघाय आलाय का हापसा?" मला हसू आवरेना. बैठकीत मी चहा घेऊन गेले तेव्हाही ते ओठात होतं, आणि त्यानं ते बघितलं.

झालं, दोन्ही गोष्टी एकदम पुढ्यात येऊन बसल्या. स्थळवाले थांबायला तयार नव्हते, डी.एड.ची प्रवेशाची तारीख जवळ आली होती. वडील म्हणाले, "दोन्ही चांगलंच हाय. मी कुठलं म्हणू? भैरोबाला कौल लावू." आई म्हणाली, तुमी म्हणाल ते. मला कुणी विचारलं नाही, हे कवितेत आहे तेवढं खरं आहे. कवितेत नाही ते हे, की विचारलं असतं तर मीही ‘तुमी म्हणाल ते’ असंच म्हणाले असते.

कौल आमच्या गावात असा लावतात: गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फुलाची पाकळी पाण्यानं चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, हे करायचं असेल तर उजवी दे, ते करायचं असेल तर डावी दे म्हणून. जी पाकळी आधी पडेल तो देवाचा शब्द. कधी लगेच पडते, कधी तास तास पडत नाही. पुन्हा, कौल घ्यायचा बाप्यांनी. बायका सभामंडपात. पण वडील त्या दिवशी म्हणाले, "जिचं हाय तिनं म्होरं बसावं," आणि मी आयुष्यात पहिल्यांदा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसले.

शेवंतीच्या पिवळ्या पाकळ्या होत्या. लगीन करायचं असेल तर उजवी, शिकाय धाडायचं असेल तर डावी, असं गुरवानं सांगितलं. बराच वेळ काही हललं नाही. बाहेर कुणी नारळ फोडायला आलं म्हणून गुरव उठून गेला. वडीलही तंबाखू मळत त्याच्यामागं मंडपात गेले. आत समईचा उजेड, देव आणि मी. आणि पाकळी घसरली. आधी थोडी, मग एकदम.

"उजवी पडली," मी आतूनच सांगितलं.

वडील आत आले. देवाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग वाकून ती पाकळी उचलली आणि फेट्याच्या घडीत खोवली. "बरं," म्हणाले, "उजवी तर उजवी." गुरव आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. त्यानं आत न डोकावता मंडपातूनच घंटा वाजवली. महिन्याभरात माझं लग्न झालं, आणि ‘सातारा’ लिहिलेली पेटी साड्या भरून कुपवाडला गेली. गल्लीतल्या बायकांनी पुढं कितीतरी दिवस मला ‘साताऱ्याची’ म्हटलं.

संसार वाईट झाला नाही, हे सांगून टाकते. पहिली काही वर्षं शेडच्या मागच्या खोलीत काढली. मशीनचा आवाज बंद झाला की जाग यायची. मग दुसरी लेथ आली, मग स्वतःचं शेड, मुलं, घर. मी बाहेरून बी.ए. केलं, कविता लिहायला लागले. पण आमचं काही वाजलं की माझ्या तोंडात एकच वाक्य, "मी आज बाई असते शाळेत. देवानंच हिकडं आणून घातलं." देवाशी भांडण कसं करायचं? तो उठून शेडमध्ये जायचा, आणि मला वाटायचं मी जिंकले.

मुलं शाळेत जायला लागल्यावर एकदा तो सांगलीहून उशिरा आला. हातपाय धुऊन ताटावर बसला आणि म्हणाला, "चवकशी केली मी. डी.एड.ला वयाची अट हाय म्हंत्यात." मला आधी कळलंच नाही कसली चौकशी. वर्कशॉपची कामं टाकून हा माणूस माझ्यासाठी कुठल्याशा ऑफिसात रांगेत उभा राहिला होता. मला बरं वाटायला हवं होतं. मी म्हणाले, "आता कशाला, गेली ती वेळ." अगदी कवितेत म्हणावं तसं म्हणाले. पेटीला गंज चढला तेव्हा त्यानंच ती घासून हिरवा रंग दिला. मी बघितलं तर झाकणावरची अक्षरं त्यानं बारीक ब्रशनं कडेकडेनं वाचवली होती. माझं माहेरचं नाव आणि ‘सातारा’. मला वाटलं, सवयीनं केलं असेल. बारीक कामाचा हात आहे त्याचा.

माझ्यासोबत नंबर लागलेली माझी मैत्रीण मात्र साताऱ्याला गेली. ती आता कोरेगावजवळ झेडपीच्या शाळेत आहे. मी कधीमधी तिच्याकडं जाते, खरं तर माझंच न झालेलं आयुष्य बघायला जाते. ती मला चहा देते आणि बदल्या, खिचडीचे तांदूळ, सरकारी ॲपवर भरायची माहिती यांच्या कहाण्या सांगते. "तुझं बरं गं," म्हणते, "कुणी साहेब नाही डोक्यावर." मी मनात म्हणायची, हिला किंमत नाही. मी असते तर वर्गात कविता शिकवल्या असत्या, पोरांना माळावर नेलं असतं. माझ्या त्या शाळेत कधी पाऊस गळला नाही, कधी पट घटला नाही.

यंदा दिवाळीनंतर माहेरी गेलो होतो. माझ्या धाकट्या भावाला कौल लावायचा होता. राहिलेली मेंढरं ठेवायची का विकायची. चरायला रान उरलं नाही, मुलं मेंढरांमागं जायला तयार नाहीत, आणि विकायचं म्हटलं की त्याला जेवण जात नाही. नवरा घरीच थांबला, भावाच्या कडबाकुट्टीची मोटर किरकिर करत होती ती त्यानं खोलायला घेतली. आम्ही देवळात गेलो. आता बायकांना कुणी अडवत नाही. जुना गुरव वारला, त्याचा मुलगा बघतो. ठेवायची तर उजवी, विकायची तर डावी, असं गाऱ्हाणं घातलं. या खेपेला फार थांबावं लागलं नाही.

"उजवी पडली," मी म्हणाले. "ठेव बाबा मेंढरं."

गुरव हसला. "आक्का, ती देवाची डावी. देव आपल्याकडं तोंड करून बसलाय न्हवं का? उजवं-डावं देवाचं धरायचं, आपलं न्हाई."

भावानं कपाळावर हात मारला. "लय झालं आक्का. कौलावर कविता म्हणत फिरतीस आन एवढंबी ठावं न्हाई व्हय तुला?"

सगळे हसले. मीही हसले असेन. मग देवाकडं बघत राहिले आणि हसू आपोआप गेलं. तीच जागा, तोच उंबरा. त्या दिवशी पाकळी कुठून पडली ते मला लख्ख आठवत होतं. ती आता पडली तिथूनच पडली होती.

म्हणजे देवानं मला सातारा दिला होता.

देवळापासून घर चार पावलांवर आहे, पण तेवढ्यात माझं डोकं तापलं. वडील ओट्यावर घोंगडी टाकून बसले होते. आता त्यांना कमी दिसतं, ऐकू मात्र हवं तेवढं येतं.

"आबा, माझ्या कौलाला कुठली पाकळी पडल्याली?"

"तू म्हणालीस की उजवी."

"माझं ऱ्हाऊ द्या. देवाची कुठली?"

ते घोंगडीचा दोरा ओढत बसले. मग म्हणाले, "डावी."

"तुमाला तवाच कळलं हुतं?"

"मला न कळाय काय झालं? जलम गेला त्या देवळात."

मी काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. तुम्ही माझं आयुष्य फेट्यात खोवून गप्प बसला, असं म्हणाले. देव माझ्या बाजूनं होता आणि बाप नव्हता, असंही म्हणाले. आई असती तर मध्ये पडली असती. वडील सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "हळू बोल, जावई मागं हायती."

"मग का बोलला न्हाई?"

"आगं, तू ‘उजवी’ म्हणालीस ती कशी म्हणालीस, ते मी ऐकलं न्हवं का. आत आलो तर तुझं तोंड लग्न ठरल्यावानीच हुतं. म्हणलं, आता देवाचं ऐकू का पोरीचं? देवाला काय, परत इचारता येतंय." घोंगडी सारखी करत म्हणाले, "आन सगळा तुझाच इचार केला असं न्हाई हां. मलाबी स्थळ आवडलं हुतं. साताऱ्याला तुला एकटीला सोडायचं म्हणलं की रातचा उठून बसायचो."

मी तिथून उठून मागच्या पडवीत जाऊन बसले. वडिलांवर विश्वास ठेवायची माझी मुळीच इच्छा नव्हती. म्हातारं माणूस स्वतःच्या सोयीनं आठवतं, असं स्वतःला समजावत होते. पण मग मी माझंच आठवायला बसले, आणि तिथं माझं काही चालेना. गाभाऱ्यात बसले होते तेव्हाची ती एक पाकळी मला अजून दिसते. तिची कड जराशी फाटलेली होती. दुसरी? दुसरी पाकळी कशी होती, कुठं लावली होती, मला काही म्हणजे काही आठवत नाही. मी तिच्याकडं एकदाही बघितलं नव्हतं. पहिल्या पाकळीवर डोळे लावून मी मनात म्हणत होते, पड. आणि डोळ्यांसमोर सातारा नव्हता, तेलाची वाटी मागणारा एक माणूस होता.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या अठरा वर्षांच्या मुलीला काहीतरी मनापासून हवं होतं. ते तिनं मागितलं आणि मिळवलं. आणि मी तिला इतकी वर्षं बिचारी करून सांगलीच्या हॉलमध्ये उभी करत होते, टाळ्या घेत होते. सातारा बंद झाला तो बंदच झाला. त्याची हळहळ आजही आहे, खोटं कशाला बोलू. पण ते दार कुणी ओढून घेतलं हे कवितेत चुकलं होतं. पडवीतून मोटरचा आवाज ऐकू येत होता. किरकिर थांबली होती.

दुपारी परत निघालो. मायणी जाईपर्यंत नवऱ्यानं दोनदा विचारलं, काय झालं, भाऊ काय बोलला का. विट्यात स्टँडजवळ चहाला थांबलो तेव्हा मी सांगितलं. गुरव काय म्हणाला ते, देवाचं उजवं आपलं डावं ते, वडिलांनी पाकळी खोवली ते. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हाताला अजून ग्रीसचा वास होता. कपातला चहा तसाच राहिला.

"म्हंजी," तो शेवटी म्हणाला, "देव मला न्हाई म्हणला हुता."

त्याला यातलं नेमकं हेच लागेल असं मला वाटलं नव्हतं. "व्हय," मी म्हणाले.

"आन तुला ते कळलं न्हाई."

"न्हाई."

तो रस्त्याकडं बघत होता. सांगलीची एसटी वळण घेत होती, ती जाईपर्यंत थांबला. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी विचारलं नव्हतं ते मग विचारलं, माझ्याकडं न बघता.

"कळलं असतं तर?"

कवितेला मला महिना महिना लागतो. याला लागला नाही.

"तर ती पाकळी परत चिकटवली असती," मी म्हणाले, "आन दुसरी पडंपर्यंत तितंच बसले असते."

त्यानं गाडीची किल्ली खिशातून काढली, परत खिशात ठेवली, आणि पोऱ्याला हाक मारून आणखी दोन चहा सांगितले.